मनगटावरच्या गांधी

भरदुपारी भिण्यासारखं दहिवडीच्या त्या लहानशा दवाखान्यात काही नव्हतं. अपेंडिक्सचं ऑपरेशन, तासाभराचं काम. भुलीची डॉक्टर संयोगिता साताऱ्याहून आली आणि नेहमीप्रमाणे आधी पेशंटकडे गेली.

पेशंट सृष्टी, सहा महिन्यांपूर्वीच लग्न झालेली पोर. “याआधी भूल दिली होती? कसली ॲलर्जी?”

“न्हाई. सून निरोगी हाय आमची,” सासूनंच परस्पर सांगून टाकलं. सृष्टीनंही मान हलवली.

थिएटरकडे जाणारा बोळ अंधारा होता. स्पिरिटच्या वासात मधेच विझवलेल्या राखेचा वास आला. भिंतीला टेकून एक बाई उभी होती, पदर पार तोंडावर ओढलेला. तिनं संयोगिताचं मनगट धरलं. हात माठासारखा गार होता.

“आवं डाक्टरीणबाई… माझ्या पल्लूला ते अंग सैल करायचं विंजेक्शन देऊ नगा. ल्हानपणी दिलं, तर सुजून निळी पडली… लगीन जमायचं न्हाई म्हून कुणाला बोलले न्हाई… तिलाबी न्हाई…”

“पल्लू कोण?”

बोळात कुणीच नव्हतं.

टेबलावर सृष्टीला तेच विचारलं. “माझं माहेरचं नाव पल्लवी. लग्नात बदललं. तुमाला कुणी सांगितलं?”

“तुझ्या आईनं.”

“आई जाऊन वरीस झालं…”

सर्जन जयराज हसले. “मॅडम, ऊन लागलंय तुम्हाला. द्या भूल, उरकू.”

संयोगिता मूळचीच हट्टी. “हसा खुशाल. ते औषध मी देणार नाही. पाठीत सुई देते, कमरेखालचं बधिर करते.”

ऑपरेशन सुखरूप झालं. हातमोजे काढले तेव्हा तिच्या मनगटावर पाच बोटांच्या लालभडक गांधी उठल्या होत्या. पुढं सांगलीत सृष्टीची तपासणी झाली, तर त्या औषधाच्या थेंबानं तिच्या कातडीवर तशीच गांध उठली.

गेल्या आठवड्यात सांगलीतच एक निवृत्त फौजी हर्नियासाठी टेबलावर होता. “घरात कुणाला भुलीचा त्रास?”

“कुणालाच न्हाई, मॅडम.”

तिनं तेच औषध उचललं आणि मनगट खाजू लागलं. तिनं औषध खाली ठेवलं.

“काका, नीट आठवा.”

फौजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. संयोगिता मनगटाकडे बघत राहिली. पुन्हा गांधी उठल्या होत्या, पण या वेळची बोटं फार लहान होती, पाळण्यातल्या लेकराची.