पाचव्या दिवशीची कविता

"अहो बाई, तुमची सांडणी माझ्या कविता खातेय!"

मी तुपाचा बुधला खाली ठेवून वळले. मिर्बदच्या बाजारात, आमच्या उंटांच्या गर्दीत, एक बसऱ्याचा तरुण कागदाचं एक टोक धरून ओढत होता आणि दुसरं टोक आमच्या गब्राच्या तोंडात होतं. कागद फाटला. गब्राने शांतपणे घास गिळला.

"किती गेल्या?" मी विचारलं.

"सात. सात जुन्या कविता!"

"म्हणजे आज तिला वैरण घालायला नको."

हसू येऊ नये म्हणून त्याने ओठ आवळले... पण डोळे हसलेच. त्याची बोटं शाईने नखांपर्यंत काळी झाली होती. नाव अबान, शेख वाकिदांचा शिष्य. ही शहरातली मंडळी आम्हा तंबूवाल्यांकडून जुन्या कविता गोळा करत हिंडायची. आमच्यात लिहिणारं कुणी नाही, पण पणजोबांच्या काळच्या कविता पोरासोरांनाही तोंडपाठ असतात.

"भरपाई म्हणून तुमच्या टोळीच्या कविता सांगा," तो म्हणाला.

"सातच ना?"

"ते सांडणीच्या भुकेवर आहे."

मग तो रोज येऊ लागला. मी लोकर कातत सांगायची, तो मांडी घालून लिहायचा. मध्येच लेखणी थांबायची आणि तो माझ्याकडे बघत राहायचा. "लिहा की," मी म्हटलं की दचकून दौतीत बोट बुडवायचा. असे चार दिवस गेले आणि माझा साठा संपला. आमचा मुक्काम अजून दोन दिवस होता. कविता नाही म्हटल्यावर हा येणार तरी कशाला? या एका विचाराने मी अशी कासावीस झाले, की पाचव्या दिवशी पहाटे दूध काढता काढता स्वतःच एक रचली आणि शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या आमच्या मुर्रा नावाच्या कवीच्या माथी मारली.

"पाण्याचा माग काढत आलास, तहानलेल्या वाटसरा,
काळ्या तुझ्या बोटांनी माझी झोप लिहून नेली."

त्याची लेखणी थांबली.

"पुन्हा म्हण," तो हळूच म्हणाला. 'अहो बाई' कुठल्या कुठे गेलं होतं. मी पुन्हा म्हटली, खाली बघून.

"उद्या सकाळी मशिदीत शेखांपुढे हीच म्हणणार मी! तीन वर्षं गोळा करतोय, उमैमा. उद्या शेख पारखणार. पसंत पडलं, तर माझ्या नावाने ते पुढे शिकवलं जाईल."

"आणि... एखादी खोटी निघाली तर?"

"तर दौत उपडी करतात. त्या माणसाकडून पुन्हा कुणी एक ओळही घेत नाही. जन्मभर." तो हसला. "पण तुझा चेहरा का उतरला? तू थोडीच खोटं सांगणार आहेस!"

"अबान, ऐक ना —" तेवढ्यात बाबांनी हाक मारली आणि तो हात हलवत गेलासुद्धा. खरं सांगायचं तर हाक हे निमित्त होतं. कविता माझी म्हटलं असतं, तर तो वाटसरू कोण हेही सांगावं लागलं असतं, आणि तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

सकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी दाढी खाजवली. "जा, निस्तर," एवढंच म्हणाले. "उंट वेशीपाशी थांबवतो."

मशिदीत मी मागच्या खांबाशी उभी राहिले. पुढे अबान म्हणत होता आणि शेख डोळे मिटून डोलत होते. झाली एकदाची पसंत, असं वाटलं मला. मग शेखांनी डोळे उघडले.

"लिहून नेली?" ते म्हणाले. "शंभर वर्षांपूर्वी यांच्या तंबूत लिहीत कोण होतं रे?"

कुणीतरी फिसकन हसलं. अबानचा चेहरा पांढरा पडला. शेखांचा हात दौतीकडे गेला.

"ती कविता माझी आहे!" मी पुढे झाले. "मुर्राची नाही. मी फसवलं याला. याचा काही दोष नाही."

शेखांनी मला आपादमस्तक पाहिलं, मग त्याला. "हिने फसवलं, की तुला ठाऊक होतं?"

फसवलं, एवढा एक शब्द पुरला असता. मी डोळ्यांनी विनवत होते — म्हण ना, म्हणून टाक! तो शेखांकडे वळला.

"काल ऐकताक्षणीच शंका आली होती, शेख. मी विचारलं नाही."

"का?"

"विचारलं असतं तर... ती सांगायची थांबली असती."

आता कुणी हसलं नाही. शेखांनी दौत उपडी केली. शाई चटईवर पसरत गेली.

"कविता चांगली आहे, मुली," ते म्हणाले. "अबान, तू ऊठ."

आम्ही दोघं वेशीपाशी आलो. मग मला रडूच फुटलं. "तीन वर्षं गेली तुझी. माझ्यामुळे."

"गेली," तो म्हणाला. मग नाक ओढून म्हणाला, "जुन्या कविता आता माझ्याकडून कुणी घेणार नाही. नव्याच गोळा कराव्या लागतील. तुझ्या ओळखीत आहे कुणी नवा कवी?"

"एक आहे. पण ती फार खोटं बोलते."

"बोलू दे. मला आवडते ती."

किती सहज म्हणाला! "त्या कवितेला... आणखी एक ओळ आहे," मी म्हटलं. "तिच्यात तुझं नाव आहे."

गब्राच्या पाठीवर दोर आवळणारे बाबा वळले.

"पोराने कवितेत पोरीचं नाव घेतलं, तर ती त्याला द्यायची नाही, ही आपली रीत," ते म्हणाले. आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो. "पोरीने पोराचं घेतलं तर काय करायचं, ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही."

त्यांनी गाठ मारली, हात झटकले. "घे नाव. ऊन चढतंय."

मी घेतलं.