घड्याळजीच्या खिडकीवरची फिल्म

दार लोटून घ्या आणि ते मोबाइल खाली ठेवा. ही गोष्ट ऐकीव नाही बरं का. ती फिल्म मी माझ्या हातानं चिकटवली होती.

आमच्या मागच्या गल्लीत एक घड्याळजी राहायचा. एकटा जीव. घरातच खिडकीशी टेबल टाकून, डोळ्याला भिंग लावून काम करायचा. एका सकाळी माझ्या दुकानात आला नि म्हणाला, "काचवाले, आतून बाहेरचं दिसेल, पण बाहेरून आतलं दिसणार नाही, अशी फिल्म आहे का?"

"आहे की. कुणापासून लपताय?"

"समोरच्या म्हातारीपासून. मी मान वर केली की तिचा हात वर! आज बल्ब बदलून दे, उद्या बरणीचं झाकण उघडून दे. तिच्या मुलाला 'लक्ष ठेवतो' म्हणून बसलो आणि फसलो."

दुपारी जाऊन मी फिल्म लावली. बाहेरून नुसता आरसा. समोरच्या खिडकीत, आठ-दहा हातांवर, म्हातारी खुर्चीत बसलेली. तिनं हात केला. घड्याळजी हललाच नाही. माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

आता ही फिल्म म्हणजे उजेडाची गुलाम. बाहेर जास्त उजेड, तोवर ठीक. अंधार पडून आत दिवा लागला, की सगळं उलटं. बाहेरच्याला आतलं लख्ख दिसतं आणि आतल्याला दिसतं स्वतःचंच तोंड. हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण गिऱ्हाईक 'नको' म्हणेल म्हणून... गिळलं.

पुढं महिनाभरात म्हातारी गेली. खुर्चीतच. मुलगा परगावाहून धावत आला. घड्याळजीला म्हणाला, "काका, तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

"काचेला फिल्म लावलीय ना रे. काही दिसतच नाही."

खोटं होतं ते. ती गेली त्या संध्याकाळी, उजेड असताना, त्यानं तिला पाहिलं होतं. दोन्ही हात हलवत होती. 'असेल काहीतरी बरणीबिरणी,' असं म्हणून त्यानं टेबलावरचा दिवा लावला आणि कामाला लागला. दहा वाजेपर्यंत.

काय म्हणालीस? हो गं. दिवा लावल्यावर तिला तो दिसत होता. त्याला मात्र ते ठाऊक नव्हतं.

कळलं ते अकरा डिसेंबरला. गुरुवार. सात वाजायला दहा मिनिटं कमी. मुलानं फोन करून सांगितलं होतं, आईच्या घरातल्या मीटरचा आकडा तेवढा बघून कळवा. किल्ली घड्याळजीकडेच होती. टेबलावरचा दिवा तसाच चालू ठेवून, आपल्या दाराला कुलूप घालून तो समोर गेला. आकडा लिहून घेतला. निघताना कसंतरीच झालं, म्हणून जरा टेकला.

तिच्या खुर्चीत.

समोर पाहिलं, तर आपली खोली. लख्ख. टेबल, दिवा, भिंतीवरचं कॅलेंडर... तारीखसुद्धा वाचता यावी.

त्या संध्याकाळीही दिवा होता.

"अरे देवा," तो म्हणाला. "म्हणजे ती मला..."



त्याच्या टेबलाशी कुणीतरी बसलं होतं. इकडं तोंड करून. पांढरे केस मोकळे.

तो उठायला गेला. पाय उठेनात. ओरडायला गेला. आवाज फुटेना.

मग त्यानं हात वर केले. दोन्ही.

तिनं मान उचलली. पाहिलं. सरळ त्याच्याकडे.

आणि मान खाली घालून... कामाला लागली.

तो हात हलवत राहिला. आठ वाजले. नऊ.

दहाला तिकडचा दिवा विझला. तेव्हा कुठं पाय सुटले.

त्यानं तिथूनच मुलाला फोन लावला. सगळं खरं सांगितलं. मुलानं फोन ठेवून दिला. त्यानंतर घड्याळजीनं मला बोलावून जे पाहिलं ते सांगितलं. माझं गिळलेलं तोंडात परत आलं होतं, ते मी तिथंच त्याला सांगितलं. त्यानं खिशातून आपल्या दाराची किल्ली काढली.

त्याचं कुलूप जसंच्या तसं होतं. दोघं आत शिरलो. ती फिल्म मी नखांनी खरवडून काढली.

तो टेबलाशी उभा होता. संध्याकाळी एक मनगटी घड्याळ सुटं करून ठेवून गेला होता. आता ते जोडलेलं होतं. चालू होतं. काच पक्की बसवलेली.

आणि काचेच्या आत, काट्यांभोवती, एक लांब पांढरा केस... नीट गुंडाळून ठेवलेला.