बीजकोठारात चहा अडवत नाहीत

खोलीला कुलूप, आत माणूस नाही, आणि तरीही ती रोज दुपारी गरम व्हायची.

खोली काही साधीसुधी नव्हती. डोंगराच्या पोटात खोदलेल्या बीजकोठारातला तो शीतकक्ष (बर्फाहूनही थंड ठेवलेली खोली) होता. जुन्या वाणांची बियाणी जिवंत राहावीत म्हणून तिथे जपून ठेवलेली असत आणि त्यांची राखण केतकीचे बाबा, अथर्व शेलार करायचे. दुपारी ते जेवायला जात आणि परत येऊन बघतात तर खोली कोमट. असंच गरम-गार होत राहिलं तर बियाणी मरणार होती. काही वाणांचा तर जगात दुसरीकडे कुठे एक दाणाही नव्हता.

त्यात भर म्हणजे यंत्राची नोंद दर वेळी एकच सांगे, तापमान अथर्व शेलार यांनी वाढवलं. ते कोठारात कुठूनही बदलता यायचं, त्यामुळे ‘मी तर जेवत होतो’ म्हणून सुटका नव्हती. पुन्हा असं झालं तर घरी बसा, असं कोठाराच्या साहेबांनी बाबांना बजावलं होतं. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

केतकीचा संशय मात्र पक्का होता. हे काम वळवीताईंचंच. नंदुरबारकडून नुकत्याच आलेल्या या शास्त्रज्ञ फारशा कुणाशी बोलायच्या नाहीत आणि नेमक्या जेवणाच्या वेळी गायब व्हायच्या. केतकी भिंतीला चिकटून त्यांच्या मागे मागे फिरू लागली, पण जेवणाच्या वेळी त्या हमखास निसटायच्या. संशय एकदा डोक्यात शिरला की समोरचा नुसता शिंकला तरी त्यात काळंबेरं दिसतं.

शेवटी पुण्याहून स्नेहलआजींना बोलावलं गेलं. संगणक सुरक्षित ठेवण्याच्या शास्त्रात त्यांचं आयुष्य गेलं होतं. गुडघे कुरकुरायचे, पण डोकं अजून तल्लख. केतकीने त्यांना कोपऱ्यात गाठून सगळं सांगितलं.

“पुरावा काय?” आजींनी विचारलं.

“त्या नवीन आहेत.”

“हा पुरावा झाला होय? मी तर आजच आलेय. मग माझ्यावर का नाही संशय?”

तेवढ्यात बंब चहा घेऊन आला. हा कोठारातला चहा देणारा रोबो, पोटाने गोल म्हणून सगळे त्याला बंब म्हणायचे. तो आला की दारं आपोआप सरकायची. चहा अडवायचा नाही, अशी तिथली रीतच होती.

चहाचा घोट घेत आजी म्हणाल्या, “लग्नात जेवली आहेस ना? छान कपडे घालून एखादा अनोळखी माणूस पंगतीत बसला तर काय होतं? मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा. दोघंही आग्रह करकरून जिलेबी वाढतात. तुमचं कोठार तसंच आहे. फाटकावर एकदा ओळख दाखवली की आतली सगळी दारं मोकळी.”

“मग करायचं काय?”

“आता प्रत्येक दार विचारणार, प्रत्येक वेळी. तू कोण, कशावरून, आणि आत्ता इथे काय काम? याला शून्य विश्वास म्हणतात (आत आला म्हणजे आपलाच, असं कुणाबद्दलही गृहीत न धरण्याची पद्धत). काम असेल तेवढंच उघडायचं, तो किमान अधिकार (कामापुरतीच परवानगी).”

बाबांना हे चांगलंच झोंबलं. “इतकी वर्षं इथे राबलो, आणि आता दार मला विचारणार, तू कोण?”

“अरे, दार तुझ्यावर संशय घेत नाही. तुझं नाव लावून येणाऱ्यावर घेतं. तुझ्या नावाने कुणीतरी फिरतंय, ते चालतं का तुला?”

“नाही चालत,” बाबा पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी आजींनी सगळ्यांना, वळवीताईंनासुद्धा, एकत्र जेवायला बसवलं. समोर पिठलं-भाकरी आणि भिंतीवर एक पडदा. आत जायची दारं आजींनी त्या दिवसापुरती मोकळीच ठेवली होती, पण तापमान बदलू पाहणाऱ्याला शीतकक्षाचं दार आधी प्रश्न विचारणार होतं. केतकी टक लावून वळवीताईंच्या हातांकडे बघत होती. इतक्यात पडद्यावर अक्षरं उमटली: ‘अथर्व शेलार यांना शीतकक्षाचं तापमान वाढवायचं आहे.’

बाबांच्या एका हातात भाकरी होती, दुसऱ्यात कांदा. वळवीताई पिठलं वाढून घेत होत्या.

दाराने विचारलं, ‘चेहरा दाखवा.’ उत्तर नाही. ‘काम सांगा.’ यावर मात्र झटकन उत्तर आलं: ‘चहा गार होतोय.’

पडद्यावर शीतकक्षातलं चित्र आलं. आत किटली घेऊन बंब उभा होता.

बाबांनी कपाळाला हात लावला. “आधी त्याला स्वतःची ओळखच नव्हती, दर दाराशी अडायचा बिचारा. म्हणून माझ्या ओळखीची नक्कल मीच त्याला दिली. म्हटलं, घरचंच यंत्र.”

“त्याला शिकवलंय एकच, चहा गार होऊ द्यायचा नाही,” आजी म्हणाल्या. “तुझा जेवणानंतरचा चहा घेऊन तो आधीच आत जाऊन थांबायचा. तिथे चहा गारठायचा. तुझं नाव होतंच त्याच्याकडे, मग करायचा खोली गरम. त्याचं काय चुकलं?”

तपासलं तर बंबाकडे निम्म्या कोठाराच्या ओळखी निघाल्या, त्यात खुद्द साहेबांचीही होती. साहेब पिठल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सगळ्यांसमोर बाबांची माफी मागितली. नकला त्याच दिवशी रद्द झाल्या आणि बंबाला स्वतःची वेगळी ओळख मिळाली, स्वयंपाकघर आणि ओसरी एवढीच दारं उघडणारी. कोण कोण आहे, कुणाला काय उघडता येतं, आणि काम संपलं की ते काढून घेतलं का, याची सतत निगा ठेवायची असते. त्याला ओळख व्यवस्थापन म्हणतात, हे केतकीला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बियाणी वाचली होती, आणि येत्या हंगामात त्यातली काही शेतात रुजणार होती.

पण केतकीला आतून फार शरम वाटत होती. ती वळवीताईंच्या खोलीत गेली. “ताई, मला वाटलं होतं ते तुम्हीच करताय.”

“माहीत आहे. किती दिवस मागे फिरत होतीस. एकदा विचारायचंस तरी.”

दारसुद्धा प्रत्येकाला आधी विचारतं. आपण कुणालाच विचारलं नाही, केतकीच्या मनात आलं. मग तिने विचारलं, “जेवायच्या वेळी तुम्ही कुठे जायचात?”

“इथेच असायचे. आईला फोन लावून तिच्याशी बोलत जेवायचे. एकटीला घास जात नाही. इथे कुणी ये म्हणालंच नाही गं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी ताईंच्या प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहिली. दाराने विचारलं, तू कोण, आणि काय काम?

“केतकी शेलार,” ती म्हणाली. “वळवीताईंना जेवायला बोलवायला आलेय.”

दार उघडलं.