मिनिटाला तेरा

त्या आठवड्यातली ही तिची चौथी जमीन. जमिनीखालचं दाखवणाऱ्या रडारची गाडी लांबून गवत कापायच्या यंत्रासारखी हलकीफुलकी दिसते, पण तासभर ढकलली की गुडघे बोलायला लागतात. बंद पडलेल्या छापखान्याच्या तळघरात एका कोपऱ्यात फरशी खचली होती. खाली पोकळी केवढी आहे ते तिनं सांगायचं आणि मुकादमानं त्यात काँक्रीट ओतायचं. सरळ काम होतं.

पोकळी सापडलीही. दीड मीटर खाली, कपाटाएवढी. गाडी वर उभी करून तिनं नेहमीचा हिशेब लावला. भिंती, सळया, दगड यांचे प्रतिध्वनी सारखेच येत राहतात. ते वजा केले की हलणारं काही असेल तर तेवढंच पडद्यावर उरतं. इथं काहीच उरायला नको होतं.

उरली एक रेघ. चढायची, उतरायची. हालचाल चार मिलिमीटरची. मिनिटाला तेरा वेळा.

तिची आई दम्याची. श्वास कसा चालतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

पण बावीस वर्षं या धंद्यात काढलेली बाई रेघ दिसली म्हणून हातपाय गाळत नाही. तिनं पाण्याचा पंप बंद करायला लावला. माणसांना जिन्यावर पाठवलं. यंत्र आपलाच श्वास टिपतंय की काय, म्हणून स्वतःचा श्वास चाळीस सेकंद रोखून पाहिला. जीव घुसमटला, रेघ आपली चालूच.

मुकादम वयस्कर होता, पापभीरू. तो हसला नाही. खाली वायू असेल का, पाणी झिरपत असेल का, असं त्यानं विचारून पाहिलं. ती म्हणाली, वायू आणि पाणी मोजून-मापून वरखाली होत नाहीत. तेव्हा भोक पाडून बघायचं त्यानंच ठरवलं. उद्या मनाला टोचणी नको, म्हणाला.

कामगार ड्रिल उचलून आणत होता. ते अजून जमिनीला टेकलंही नव्हतं, तेवढ्यात रेघ सपाट झाली.

तरी भोक पाडलं आणि त्यातून कॅमेरा सोडला. कोरडी माती, विटेचा तुकडा. चारही कोपरे पाहून झाले. कुणी नाही, काही नाही. माणसं पुन्हा जिन्यावर गेली. दहाएक मिनिटांनी रेघ परत आली. आता मिनिटाला एकवीस.

"मघाशी थांबलं होतं ना?" मुकादमानं हळूच विचारलं.

"थांबलं नव्हतं," ती म्हणाली. "रोखून धरलं होतं."

त्यानं भोकाकडे बोट दाखवलं.

"कॅमेऱ्यात तर कुणी नाही, ताई. मी काय करू, तुम्हीच सांगा."

काम थांबवायचं तर तीन कचेऱ्यांना कारण द्यावं लागणार होतं. काय लिहिणार? पाठ भरून आली होती. सकाळपासून आईजवळ बसलेल्या थोरल्या बहिणीचा दोनदा फोन येऊन गेला होता.

"ओता," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती तपासणीला गेली. पोकळी गच्च भरली होती. रेघ सपाट. पाच मिनिटं पाहिली, तरी सपाट. मुकादमानं सुस्कारा टाकला. कागदांवर सह्या करायला दोघं वर गेले. दमल्यामुळे यंत्र बंद करायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही. वीस मिनिटांनी येऊन तिनं ते आवरलं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती अहवाल लिहायला बसली. खिडकीपाशी आई उशांना टेकून बसली होती. काम संपलं का गं, म्हणाली. संपतच आलंय, असं सांगून तिनं नोंदीचा शेवटचा भाग उघडला.

दोघं यंत्रापासून दूर गेल्याच्या खुणा दिसत होत्या. मग जिना. मग निवांत.

मग रेघ एकदम खाली आली. एकच लांब, खोल उतार, कुणी कधीचा धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा. अंतर दीड मीटर. भरीव काँक्रीटच्या मधोमध.

त्यानंतर पुन्हा मिनिटाला तेरा.

तिनं चित्र मोठं केलं. त्या रेघेला अगदी लागून दुसरी होती. नाजूक, घाईची, मिनिटाला तीस. लहान मुलांची असते तशी.