रिकामा डबा परत द्यायचा नसतो

'ग्राहक हा विश्वाचा राजा आहे', असं 'सौख्यशिखर' इमारतीच्या दारावर सोनेरी अक्षरांत कोरलेलं होतं. सोमवारी सकाळी या राजाला अकराव्या मजल्यावरून खाली न्यायला लिफ्टने नकार दिला.

"दिनकर सबनीस, आपण आता ग्राहक नाही," लिफ्ट गोड आवाजात म्हणाली. "वर्षभरात आपण काहीही विकत घेतलेलं नाही. लिफ्ट फक्त ग्राहकांसाठी."

शलाकाने आप्पांकडे, म्हणजे तिच्या आजोबांकडे पाहिलं. त्यांचा गुन्हा तिला पाठ होता. आप्पा निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ. फाटलेले मोजे रफू करायचे, पंखा स्वतः खोलून दुरुस्त करायचे, गॅलरीत मेथी पिकवायचे. २०६० सालच्या कराडात असल्या माणसाबद्दल लोक हळू आवाजात बोलत.

आणि आज तर खाली जायलाच हवं होतं. इमारतीसमोरच्या बागेत आप्पांनी लावलेल्या उंबराच्या खोडाला पहिल्यांदाच फळं लगडली होती. शलाकाने तसं सांगितल्यापासून आप्पांना रात्री झोप नव्हती. अकरा मजले उतरायचे तर गुडघे नव्हते.

"पण तुम्ही दोन वेळा जेवता की! मग ग्राहक कसे नाही?" शलाका चिडली.

"कुणाला विचारतेस त्यावर आहे, शले." आप्पा गॅलरीत येऊन बसले. "बाजार म्हणतो, स्वतःसाठी विकत घेतो तो ग्राहक. वाणी साखरेचं पोतं आणतो ते पुढं विकायला, म्हणून त्या पोत्यापुरता तो ग्राहक नव्हे. तुझ्या आईने लाडू विकत घेतला तर ती ग्राहक. तो खाणारी तू उपभोक्ता (वस्तू प्रत्यक्ष वापरणारी व्यक्ती)."

"म्हणजे बिल आईचं, पोट माझं."

"तुझ्या जन्मापासून तसंच चाललंय. वीजवाल्यांचा ग्राहक म्हणजे ज्याच्या नावावर मीटर तो. मग दिवे कुणी का जाळेना! आणि आमच्या शास्त्रात..." त्यांनी कुंडीतलं मेथीचं पान तोडलं. "हे पान ऊन, पाणी आणि हवा घेऊन आपलं अन्न आपणच बनवतं. हा उत्पादक. पान शेळी खाते, शेळीला वाघ खातो. दोघंही आमचे ग्राहक, म्हणजे भक्षक (दुसऱ्या सजीवांवर जगणारे). मीही त्यांतलाच. पावती असो वा नसो."

"मग लिफ्टला सांगा ना हे!"

"लिफ्टला मेथी कळत नाही, बाई."

शलाकाने थोडा विचार केला. "आणि सगळे नुसते खातच सुटले तर?"

"तर अन्न संपेल आणि कचरा उरेल. म्हणून निसर्गाने विघटक ठेवलेत (मेलेलं कुजवून त्यातली द्रव्यं मातीला परत देणारे जीव). बुरशी, जिवाणू वगैरे. त्यांचं नाव कुणी सोन्याने कोरत नाही. तिथं घेतलेलं शेवटी परत जातं. घेऊन मोकळा होणारा प्राणी एकच, आणि त्याला आपण राजा म्हणतो."

तेवढ्यात बेल वाजली. दारात 'ग्राहकमित्र' यंत्रमानव उभा होता, हातात चकचकीत डबा.

"हरवलेल्या ग्राहकांसाठी मोफत नमुना! शिरा खा, रिकामा डबा परत द्या आणि ग्राहकपद मिळवा!"

आप्पांनी शिऱ्याचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. पण उंबर डोळ्यांसमोर आला असावा. डोळे मिटून त्यांनी सगळा शिरा संपवला. शलाकाने डबा धुतला, पुसला आणि तिथंच घात झाला. सबनिसांच्या घरी आलेला डबा आजवर कधी रिकामा परत गेला नव्हता. तिच्या हाताने सवयीने त्यात मूठभर मेथी भरली, झाकण लावलं आणि डबा यंत्रमानवाला दिला.

त्याने डबा तोलला. त्याचा हिरवा दिवा लाल झाला.

"डबा रिकामा नाही. आत अन्न आहे."

शलाकाने जीभ चावली. "रिकामा डबा परत द्यायचा नसतो," ती पुटपुटली. "आई रागावते."

"कारण?"

हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. तिने गॅलरीतल्या कुंडीकडे पाहिलं. "घेतलं की काहीतरी परत द्यायचं. नाहीतर सगळं संपतं."

यंत्रमानव बराच वेळ घरघरत राहिला. "किती घेतलं हे मला मोजता येतं," तो शेवटी म्हणाला. "किती दिलं हे मोजायची सोय माझ्यात नाही. ग्राहकपद नामंजूर. दिनकर सबनीस, आपली नोंद उत्पादक म्हणून झाली आहे. आपण मालाची लिफ्ट वापरावी."

आप्पांना हसता हसता ठसका लागला. "बघ शले! राजा म्हणून नेत नव्हते, भाजी म्हणून नेतायत."

"हा डबा आता कुणाला द्यायचा?" यंत्रमानवाने विचारलं.

"शेजारी दे," शलाका म्हणाली. "आणि सांग, परत देताना रिकामा देऊ नका."

मालाच्या लिफ्टचं दार बंद होताना तिला शेजारची बेल ऐकू आली. कांद्याच्या पोत्यावर ऐसपैस बसलेल्या आप्पांचा हात धरून तिने मनात हिशोब मांडला. शेजारून एक डबा बाराव्या मजल्यावर जाईल, तिथून तेराव्यावर. एक दिवस अख्खी इमारत जंगलासारखी वागायला लागेल.

लिफ्ट खाली पोचली. आप्पा तिच्या खांद्यावर हात टेकत, न थांबता बागेच्या फाटकापर्यंत चालले.

फाटकाला कुलूप होतं. बाग सोमवारी बंद असते.