भिंतीवरचं नेमणूकपत्र

चोराने चौकट भिंतीवर तशीच ठेवली होती. मागचे खिळेसुद्धा पुन्हा नीट बसवले होते. आतला कागद मात्र गायब.

"सोमवारी ग्रंथालयात समारंभ आहे, पेलबाई. माझ्या हेप्झिबाच्या नावाने देणार होतो," वेंडेल थेअर म्हणाले. ऐंशी उलटलेले, नजर अधू, पण जुन्या सह्यांचा संग्रह म्हटला की अख्ख्या कनेक्टिकटमध्ये त्यांचंच नाव. गेलं होतं ते १७८९ सालचं, गावच्या न्यायाधीशाचं नेमणूकपत्र. छापील मजकूर, खाली गव्हर्नरची शाईची सही. दिवंगत हेप्झिबाने आईचा पियानो विकून ते नवऱ्याला लग्नात दिलं होतं.

खाजगी गुप्तहेर कॉन्स्टन्स पेल यांनी चौकट उचलली. खालचा वॉलपेपर गर्द हिरवा, आजूबाजूचा पार विटलेला.

"खणात तीस सह्या आहेत, एकीलाही हात लावलेला नाही," त्यांचा सोबती, निवृत्त पोस्टमास्तर ऑरिन म्हणाला. "चोर अडाणी दिसतो."

सह्यांचा व्यापारी क्रँडल आला तोच चिडून. "गुरुवारी पारखायला आलो होतो, तर लोविनाने दारातूनच वाटेला लावलं. भिंतीवर टांगलेलं तर मी विकतही घेत नाही, चोरतोय कशाला?"

"बाबा झोपले होते," थेअरांची मुलगी लोविना म्हणाली.

"तुम्ही कागद शेवटचा कधी पाहिलात?" पेलबाईंनी तिला विचारलं.

"बुधवारी. काच पुसायला चौकट उतरवली तेव्हा."

पेलबाईंनी सगळ्यांना बसवलं.

"ऑरिन, सही हवी असती तर खण रिकामा झाला असता. इथे सही उरलेली नाही, हेच लपवायचं होतं. छापील अक्षरं उन्हात टिकतात, त्या काळची हाताची शाई टिकत नाही. म्हणून क्रँडल भिंतीवरचं घेत नाहीत. वॉलपेपरची दशा बघ. बुधवारी लोविनाने ते पाहिलं आणि गुरुवारी पारख करणाऱ्याला आत येऊ दिलं नाही."

लोविनाने कागद आणला. सहीच्या जागी पिवळट डाग.

"आईनेच तिथे टांगलं होतं, बाबा. तुम्ही तिला दोष दिला असता."

"भांडी घासताना दिसावं म्हणून टांगलं तिने," म्हातारा म्हणाला. "ऊन लागणार हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दुसरं कुणी असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. तिला मात्र एक शब्दही बोलू शकलो नाही."

त्यांनी कागद मांडीवर घेतला.

"ती गेल्यापासून तिच्याबद्दल नवं असं मला कुणी काहीच सांगत नाही, पोरी. हे तरी सांगायचं होतंस."