शंभरचा पिस्टन

लखन पहिल्यांदा आला तो खांद्यावर पोतं टाकून. कामशेतच्या भिमाजी मिस्त्रींच्या वर्कशॉपात शिरला आणि मशीनवर वाकलेल्या रूपाला विचारलं, "ताई, मिस्त्री कुटं भेटतील?"

"ताई कुणाला म्हणता? मिस्त्री तुमच्यापुढंच उभी हाय."

झाली का पंचाईत! गडी लाजला, आणि लाजताना इतका छान हसला, की रूपाच्या हातातला पाना... घसरला वगैरे नाही हं, भिमाजींची लेक तसल्यातली नव्हे. पण तिनं तो उगीचच दोनदा पुसला.

पोत्यातून निघाला जुन्या मोटारसायकलचा सिलिंडर. चाळीस वर्षांची गाडी वडिवळ्याच्या या पोरानं भंगारातून सोडवून आणली होती. रूपानं आत गेज घालून झीज मोजली. असा सिलिंडर आतून कापून गुळगुळीत करायचा आणि त्यात जरा जाड पिस्टन बसवायचा. पंचवीसचा, पन्नासचा, पंचाहत्तरचा, आणि शेवटचा शंभरचा, म्हणजे मूळ मापाहून पुरता एक मिलिमीटर जाड. त्यापुढं कापायला लोखंडच उरत नाही, म्हणून लहान मापात भागेल तितकं बरं. याचं पन्नासमध्ये झकास भागत होतं.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. "लखन, किती वेळ रे?"

ही हर्षदा. लोणावळ्याच्या ज्या हॉटेलात लखन वायरमन होता, तिथंच ती काउंटरवर बसायची. मोकळे केस, अत्तराचा घमघमाट... आत येऊन तिनं लखनच्या गालाला चिकटलेला पोत्याचा धागा दोन बोटांनी काढला. अगदी हक्कानं!

"गाडी झाली की मागं पहिली मीच बसणार," ती रूपाला म्हणाली. "लवकर करून द्या हं."

रूपा जळली. सरळच सांगते, जळून कोळसा झाली. आपल्या नखांत काळं ऑइल, आणि ही बया फुलासारखी!

"शंभरचा लागंल," रूपा म्हणाली.

"एकदम शंभर?" लखन दचकला. "आन पुढं परत झिजला तर?"

"तर दुसरा सिलिंडर हुडका. आमच्याकडं यायचं काम न्हाई."

बोलून तर गेली! पण पिस्टन हातात येऊन त्याचं माप घेतल्याशिवाय सिलिंडरला हत्यार लावायचं नाही, हा भिमाजींचा नियम. लखन पिस्टन आणायला गेला, आणि रूपाचे आठ दिवस काही केल्या सरेनात. दारावरून स्कूटर गेली की मान वर. इंद्रायणी भात फुलोऱ्यात आलेला, सगळ्या मावळात गोड वास, पण हिच्या डोक्यात आपलं ते अत्तर. स्कूटरवर त्याच्या मागं बसली असेल का? खांद्यावर हात ठेवला असेल का? बाई गं, किती तो छळ!

नवव्या दिवशी तो आला. एकटाच.

"पुण्यात तीन दुकानं पालथी घातली," तो पोरासारखा खूश. "शेवटचा एकच पीस होता बघा!"

रूपानं पिस्टन मोजला. सिलिंडर मशीनवर आवळला. बटण दाबलं, हत्यार गरगरू लागलं... आणि तिनं झटकन बटण बंद केलं.

"काय झालं?"

"पन्नासमदी भागतंय. मी खोटं बोलले."

लखनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "अवो, वाटोळं झालं असतं की! कापलेलं लोखंड परत येतंय व्हय? का केलं असं?"

"शंभर बसला की तुमचं हितलं काम कायमचं मिटलं असतं. तुमी तिला मागं बसवून परत परत यायचं, आन मी ते बघायचं... मला न्हाई सोसत." तिनं सिलिंडर सोडवून त्याच्यापुढं ठेवला. "आबांना मी सांगते. तुमी दुसरा मिस्त्री बघा."

लखननं पायाखालचा लोखंडाचा कीस बुटानं बाजूला सारला.

"हर्षदानं परवाच विचारलं मला," तो हळूच म्हणाला. "मी न्हाई म्हणलं. लय रडली. म्हणली, कोण हाय दुसरी? म्हणलं, तिला अजून ठावं न्हाई... पर कामशेतला हाय."

रूपाच्या कानशिलांपर्यंत लाली चढली.

"अशा खोटारडीसाठी तिला न्हाई म्हणलं?"

"खोटारडीनं बटण बंद केलं नसतं." त्यानं सिलिंडर पुन्हा तिच्याकडं सरकवला. "ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या. आता पन्नासचा आणायला पुण्याला जातो. येता का, पारखून घ्यायला?"

ती लगेच हो म्हणणार होती, पण काहीतरी आठवून थबकली.

"त्या दुकानात पिस्टन दाखवतं कोण? बाप्या का बाई?"

"बाई. सवितामावशी. साठीच्या पुढं असत्याल."

"असू दे," रूपा एप्रनची गाठ सोडत म्हणाली. "येतेच मी."